विश्लेषण : फकडी, भोकरी, साहेबी... जुन्या द्राक्षांना वाली कोण? आटपाडीने हा विचार आताच का करावा?

डिसेंबर २०२० मध्ये आटपाडी तालुक्यातील एका मेंढ्याची बातमी देशभर गाजली. माडग्याळी जातीच्या या मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी आली होती आणि मालकाने तो विकायला नकार दिला होता. शहरात अनेकांनी ही बातमी गंमत म्हणून वाचली. माणदेशातल्या मेंढपाळांना मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाचे नाव मिरवणारी ही देशी जात आज टिकून आहे, कारण तिला पारखणारी, तिच्यासाठी पैसे मोजणारी माणसे आहेत.

आता ही नावे वाचा. फकडी. भोकरी. पंढरी साहेबी. काळी साहेबी. हबशी. ही सगळी द्राक्षांची नावे आहेत. एकेकाळी महाराष्ट्रात ती बागेत होती, टोपलीत होती. आज द्राक्षपट्ट्यातल्या तरुण बागायतदाराला विचारले तर यातली दोन नावेही त्याने ऐकलेली असतील असे नाही. मेंढ्याला गिऱ्हाईक होते, या द्राक्षांना राहिले नाही. एवढाच फरक.

या जुन्या वाणांना पुन्हा गिऱ्हाईक मिळवून देता येईल का? युरोपात काही वाईन करणाऱ्या कुटुंबांनी ते करून दाखवले आहे. आपल्याकडे ते करायचे तर आटपाडीसारख्या, पाणी नुकतेच आलेल्या तालुक्याने त्यात रस का घ्यावा, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

ही द्राक्षे गेली कुठे?

दख्खनला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला येऊन गेलेल्या इब्न बतूताने तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, अशी नोंद करून ठेवली आहे. पुढे हबशी हे काळे द्राक्ष दौलताबादची ओळख झाले. भोकरी आणि फकडी ही नाशिककडची. पंढरी साहेबी लांबट मण्याची, खायला उत्तम, पण वेलीवर माल कमी. ही तक्रार दूर व्हावी म्हणून पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी तिच्यापासून ‘चीमा साहेबी’ निवडली. याच चीमांनी १९३६ च्या सुमारास आळंदीच्या जुन्या डाळिंबातून ‘गणेश’ हे वाणही निवडले होते. आटपाडीच्या डाळिंब उत्पादकांना ते नाव सांगायला नको.

पुढे हैदराबादकडून भरघोस माल देणारे अनाबेशाही आले आणि १९६० च्या दशकापासून थॉम्पसन सीडलेसने बघता बघता सगळा पट्टा व्यापला. बी नाही, साल पातळ, खायला सोपे, बेदाण्याला उत्तम. तासगावपासून सोलापूरपर्यंत कितीतरी घरांवर स्लॅब पडला तो या द्राक्षाच्या पैशावर. त्यामुळे थॉम्पसनला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बियांच्या, जाड सालीच्या द्राक्षाला बाजारात कोणी विचारेना, तेव्हा शेतकऱ्याने ते काढले. त्याच्या जागी कोणीही तेच केले असते.

मग ही वाणे पूर्ण नष्ट झाली का? तसे नाही. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात देशी-विदेशी शेकडो वाणांच्या वेली जपून ठेवल्या आहेत. हे काम मोलाचे आहे. पण संग्रहात वेल वाचते आणि तिच्याबद्दलची माहिती विस्मरणात जाते. छाटणी कोणत्या डोळ्यावर घ्यायची, पावसात ती किती तग धरते, साखर कधी उतरते, हे ज्ञान दरवर्षी बाग धरणाऱ्या माणसाच्या हातात असते. तो हात गेला की पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते.

परदेशातून आलेल्या द्राक्षाला ‘देशी’ कसे म्हणायचे?

हा आक्षेप रास्त आहे. आज आपण खातो त्या द्राक्षाची जात मूळची पश्चिम आशियाच्या बाजूची. साहेबी, हबशी या नावांतच तो प्रवास दिसतो. पण मिरची, बटाटा, पेरूही बाहेरूनच आले. एखादे वाण एका मुलखात पिढ्यानपिढ्या लावले गेले, तिथल्या मातीशी आणि उन्हाशी जुळले, तिथल्या लोकांनी त्याला आपले नाव दिले, की ते तिथले होते.

कायद्यानेही हे मान्य केले आहे. तमिळनाडूतील कंबमच्या ‘पन्नीर द्राक्षा’ला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते मुळात युरोपातले मस्कट हॅम्बर्ग. १८३२ मध्ये एका फ्रेंच धर्मगुरूने ते तिकडे आणले असे सांगितले जाते. ‘बंगलोर ब्लू’ हे अमेरिकी कुळातले द्राक्ष, त्यालाही मानांकन आहे. मग फकडी आणि भोकरीने काय घोडे मारले?

यात वाईनचा काय संबंध?

संबंध आहे आणि तो साधा आहे. खाण्याच्या द्राक्षाकडून आपण जे मागतो, त्याच्या बरोबर उलट वाईनचे द्राक्ष असते. खायला मोठा, फुगलेला मणी हवा, साल पातळ हवी, बी नको. त्यासाठी शेतकरी जीएची बुडवणी करतो, घडांची विरळणी करतो. वाईन करणाऱ्याला फुगवलेला, पाणीदार मणी नको असतो. त्याला रस दाट हवा, गोडीबरोबर आंबटपणा टिकलेला हवा. लाल वाईनचा रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बियांतून येतो. म्हणजे बाजाराने ज्या कारणांसाठी जुनी वाणे नाकारली, त्यातली बरीच कारणे वाईनमध्ये दोष ठरत नाहीत.

शिवाय वाईन हा असा माल आहे की त्यात नावाला किंमत असते. बाजार समितीत पेटीवर वाण आणि आकार पाहून दर पडतो. गाव कोणते, शेतकरी कोण, हे कोणी विचारत नाही. वाईनच्या बाटलीवर मात्र गाव, द्राक्ष आणि घराणे यांचीच कहाणी विकली जाते. साधारण सव्वा ते दीड किलो द्राक्षांत ७५० मिलिलिटरची एक बाटली होते. दुर्मिळ वाण थोडेच असले, तरी या धंद्यात ती अडचण होत नाही. उलट तेच त्याचे भांडवल होऊ शकते.

याचा अर्थ फकडीची वाईन उत्तमच होईल, असा नाही. त्यासाठी ती करून, ठेवून, चाखून बघावी लागेल. ते काम पद्धतशीरपणे व्हावे, एवढाच आग्रह आहे.

जगात कोणी असे केले आहे का?

दोन कुटुंबांची उदाहरणे आपल्याला उपयोगी आहेत.

पहिले इटलीतले. दक्षिणेकडच्या कॅम्पानिया प्रांतात मास्त्रोबेरार्दिनो हे वाईन करणारे जुने घराणे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बागा उजाड झाल्या होत्या. आजूबाजूचे शेतकरी भरपूर माल देणारी, सगळीकडे चालणारी द्राक्षे लावू लागले. अंतोनिओ मास्त्रोबेरार्दिनो यांनी मात्र फियानो, ग्रेको आणि अल्यानिको ही आपल्या डोंगराळ भागातली जुनी वाणेच पुन्हा लावली. त्या वेळी तो आतबट्ट्याचा व्यवहार वाटला असेल. आज याच तीन द्राक्षांच्या नावावर तो भाग ओळखला जातो. ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेई शहरातली प्राचीन द्राक्षबाग पुन्हा उभी करायची ठरली, तेव्हा ते कामही याच घराण्याकडे आले. अंतोनिओ २०१४ मध्ये वारले, पण वाणे बागेत आहेत.

दुसरे स्पेनमधले, कॅटलोनियातल्या तोर्रेस कुटुंबाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्झेरा या मुळावरच्या किडीने युरोपातल्या बागा संपवल्या. त्यात कितीतरी जुनी वाणे गेली, असे सगळे धरून चालले होते. १९८० च्या दशकात या कुटुंबाने एक साधी गोष्ट केली. त्यांनी स्थानिक वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या : तुमच्या शेतात नाव माहीत नसलेली जुनी द्राक्षवेल असेल तर आम्हाला कळवा. शेतकरी कळवत गेले. आजवर अशी ५० हून अधिक वाणे सापडली आहेत. त्यांतली वाईनसाठी खरोखर कामाची ठरली ती मोजकीच, पण त्या मोजक्यांपैकी काही उन्हाला टिकणारी आणि उशिरा पिकणारी निघाली. वाढत्या तापमानात युरोपातले बागायतदार आज नेमके असेच द्राक्ष शोधत आहेत.

यातला धडा पाहा. पणजोबांच्या काळात टाकून दिलेले वाण पणतूच्या काळात कामाला आले. कोणते वाण कधी लागेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच ते ठेवावे लागते.

महाराष्ट्राच्या वाईन उद्योगाने काय केले?

आपला वाईन उद्योग तसा तरुण. नारायणगावला १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी ‘इंडेज’ उभी केली. त्यांच्या बागांत परदेशी द्राक्षांबरोबर बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील संस्थेने तयार केलेली अर्कावती, अर्का श्याम ही भारतीय संकरित वाणेही होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नाशिकला ‘सुला’ने शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ लावले आणि तोच राजमार्ग ठरला. पुढच्या जवळपास सगळ्या वायनरींनी फ्रेंच नावांचीच वाट धरली.

आटपाडीला जवळचे उदाहरण माळशिरस तालुक्यातले. अकलूजच्या परिसरात अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशा तीन घरांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ उभी केली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. तिथे सांजोवेझे हे इटलीचे अस्सल देशी द्राक्ष दुष्काळी पट्ट्यात पिकते आणि त्याची वाईन देशभर विकली जाते. इथल्या कोरड्या हवेत चांगले वाईनचे द्राक्ष येते, हे त्यातून सिद्ध झाले. इटलीची दोन भावंडे आपले गावठी द्राक्ष अभिमानाने माळशिरसला घेऊन येतात, आणि आपण आपली साहेबी विसरतो, याला काय म्हणावे?

सांगली जिल्ह्याला तर सरकारनेच संधी दिली होती. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात राज्यात दोन वाईन पार्क ठरले : नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस. विंचूर बऱ्यापैकी चालले. पलूसला उत्साहाने वायनरी आल्या, पण २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी आटली आणि बहुतेकांचे कंबरडे मोडले. वाईनची द्राक्षे लावलेल्या शेतकऱ्यांनी बागा काढल्या. ती जखम अजून ओली आहे. म्हणून सांगलीत कोणी ‘वाईनचे द्राक्ष लावा’ म्हटले की शेतकरी आधी हात जोडतो.

पलूसच्या अपयशाची कारणे अनेक. माझ्या मते त्यातले एक असे की तिथल्या वाईनला स्वतःची ओळख नव्हती. नाशिकमध्ये होतात तीच द्राक्षे, तीच वाईन, आणि नाशिकसारखी मुंबईची जवळीक नाही, पर्यटक नाहीत. जे दुसऱ्याकडे जास्त चांगले मिळते, ते घ्यायला पलूसपर्यंत कोण येणार?

आपला शेतकरी वाण तयार करू शकतो का?

याचे उत्तर तासगाव आणि सोलापूरने कधीच दिले आहे. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनच्या बागेतून ‘तास-ए-गणेश’ निवडले. उत्तर सोलापुरातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ दिले. दोघेही शेतकरी. बागेत फिरताना एखाद्या वेलीचे मणी वेगळे दिसले, तिच्या काड्या जपल्या, पुन्हा लावून पाहिल्या. अशा नजरेवर महाराष्ट्राची द्राक्षशेती उभी आहे.

पण यात एक मेख आहे. ही दोन्ही वाणे थॉम्पसनच्याच पोटची. नावे वेगळी, कूळ एक. भुरी किंवा केवडा आला, अवकाळी पावसाने मणी तडकले, की सगळ्यांची गत सारखीच होते. आता नवी वाट म्हणून परदेशी पेटंटची वाणे येत आहेत. नाशिकच्या ‘सह्याद्री फार्म्स’ने करार करून ‘आरा’ मालिकेतली वाणे आणली. निर्यातीसाठी तो शहाणपणाचा निर्णय असू शकतो. मात्र अशा वाणांची काडी शेजाऱ्याला देता येत नाही. ती मालकाच्या परवानगीने लावायची असते. जुन्या वाणांचे तसे नाही. ती कोणा एकाची नाहीत, म्हणून सगळ्यांची आहेत. आणि कोणा एकाची नाहीत म्हणूनच त्यांच्यासाठी भांडायलाही कोणी नाही.

हा प्रश्न आटपाडीचा का?

आटपाडी ही द्राक्षापेक्षा डाळिंबाची. इथल्या बाजार समितीतले डाळिंबाचे सौदे राज्यभर माहीत आहेत. कमी पाण्यावर, मुरमाड रानावर या तालुक्याने डाळिंब पिकवून दाखवले. आधी गणेश होते. मग भगवा आले. रंग चांगला, दाणा लाल, टिकाऊ, निर्यातीला योग्य. शिवारात बघावे तिकडे भगवा.

त्यानंतर तेल्या आला. मर आली. खोडकिडा आला. सांगोला-आटपाडी पट्ट्यात उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. रोगाला कारणे पुष्कळ असतात. हवामान, रोपे, फवारणी, सगळेच. पण एकाच वाणाने भरलेल्या शिवारात रोगाला आडवे यायला काहीच उरत नाही, हे आटपाडीच्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्याने ते स्वतःच्या खिशातून शिकले आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने इथे वर्षानुवर्षे पाणी परिषदा झाल्या. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने आटपाडीपर्यंत आणले गेले. बंद पाइपमधून, सगळ्यांना समान पाणी देण्याच्या प्रयोगासाठीही हा तालुका ओळखला जातो. पाणी आले की पहिला मोह उसाचा. दुसरा मोह शेजारच्या तालुक्यात जे चालते तेच आपल्याकडे लावायचा. कडेगाव-खानापुरात बघून द्राक्ष लावले, तर पुन्हा तीच चार-पाच वाणे, तीच औषधे, तोच बाजार, आणि आपण रांगेत शेवटी.

कोट्यवधी रुपये आणि दोन पिढ्यांचा संघर्ष खर्चून आलेल्या पाण्यावर दुसऱ्यांची नक्कलच करायची असेल, तर मग एवढा आटापिटा कशासाठी केला, असा प्रश्न पडतो. नवे पाणी आलेल्या तालुक्यात बागा नव्याने उभ्या राहणार आहेत. त्यात एखादी ओळ जुन्या वाणाची लावणे आजच सोपे आहे. सगळे रान एकाच वाणाने भरल्यावर ते कोणी करणार नाही.

पण वाईन म्हणजे दारूच ना?

होय. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते. ती औषध नाही, फळांचा रस नाही. शेतकऱ्याच्या नावाखाली तिचे गोडवे गाणे अप्रामाणिक आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा झालेला विरोध हा सगळाच राजकीय नव्हता. दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या बायका गावोगाव आहेत. ‘आडवी बाटली’साठी मतदान करून गावातली दुकाने बंद करणाऱ्या याच महाराष्ट्रातल्या बायका आहेत. त्यांचा आवाज द्राक्ष उत्पादकाच्या नफ्यापेक्षा लहान नाही.

म्हणून इथे सुचवतो आहे ते गावागावात वाईनची दुकाने उघडण्याचे नाही. थोडी, महाग, नावानिशी ओळखली जाणारी वाईन, जी बाहेरच्या बाजारात जाईल. आणि ज्यांना वाईन नकोच आहे, त्यांनाही मार्ग आहे. मांजरीच्या केंद्राने ‘मांजरी मेडिका’ हे गडद रंगाचे वाण खास रसासाठी तयार केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे ‘एआरआय-५१६’ हे संकरित वाण रस, जाम आणि वाईन अशा तिन्हींसाठी चालते आणि बुरशीला बऱ्यापैकी तोंड देते. जुन्या वाणांचीही रस, सिरका, बेदाणा अशी चाचणी व्हायला हवी. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहेच. गिऱ्हाईक कोणत्या रूपात मिळते हे दुय्यम. ते मिळाले पाहिजे.

फळाची ओळख आणि कुटुंबाची मेहनत एकत्र आली की काय होते, याचे उदाहरण राज्यात आहे. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत एका बागायतदार कुटुंबाने तिथल्या चिकूची वाईन केली. जे फळ झाडावरून उतरवल्यावर चार दिवसांत खराब होते, ते बाटलीत शिरून मुंबईच्या हॉटेलांत पोहोचले.

मग करायचे काय?

पहिले काम शोधाचे. जुन्या वाड्यांच्या परसात, विहिरीच्या कडेच्या मांडवावर, देवळामागे, बांधावर नाव माहीत नसलेल्या द्राक्षवेली अजून असू शकतात. कृषी सहायक, शाळा आणि वृत्तपत्रे मिळून एका हंगामात ही पाहणी करू शकतात. पान, घड आणि मण्याचा फोटो, गावाचे नाव, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेले वेलीचे नाव, एवढे पुरे. पुढची ओळख मांजरीचे केंद्र पटवू शकते.

दुसरे, मातृवेलींचा एक लहान मळा सांगली जिल्ह्यातच हवा. मांजरीच्या संग्रहातली फकडी, भोकरी, साहेबी, हबशी डॉगरिज खुंटावर कलम करून तिथे लावावीत. इथल्या क्षारपड पाण्यात आणि इथल्या उन्हात ती कशी वागतात, हे पुण्यात बसून कळणार नाही. एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी अशी निदान तीन वर्षांची नोंद हवी.

तिसरे, शेतकऱ्याने एकर लावू नये. दहा वेली लावाव्यात. बागेच्या कडेची एक ओळ. पलूसचा अनुभव विसरून कोणी मोठी उडी घेऊ नये आणि कोणी घ्यायला लावूही नये. दहा वेलींचा माल चाचणीची वाईन किंवा रस करायला पुरतो.

चौथे, परवान्याची पायरी लहान करावी. वर्षाला हजार-दोन हजार लिटर करू पाहणारे कुटुंब आणि लाखो लिटरची कंपनी यांच्यासाठी कागद, शुल्क आणि यंत्रणा वेगवेगळी असायला हवी. एकट्याला टाक्या आणि शीतकरण परवडत नसेल, तर सामायिक प्रक्रिया केंद्र असावे. सहकाराने साखर कारखाने आणि सूतगिरण्या चालवलेल्या जिल्ह्याला हे नवीन नाही.

पाचवे, सवलतीला हेतू जोडावा. वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के राज्य सरकार उत्पादकाला परत देते. हा जनतेचा पैसा आहे. त्यातला काही भाग जुनी भारतीय वाणे लावणाऱ्यांसाठी राखून ठेवायला हरकत काय?

आणि सहावे, सापडलेल्या वाणाची नोंद. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला किंवा गावाला आपले वाण नोंदवता येते, आणि शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी शुल्कही पडत नाही. ही नोंद आधी केली, तर उद्या कोणी बाहेरचा त्यावर हक्क सांगू शकणार नाही.

यातून आटपाडीत लगेच समृद्धी येईल, असे म्हणणारा फसवतो आहे असे समजा. शोधलेल्या वेलींपैकी बहुतेक कामाच्या ठरणार नाहीत. तोर्रेस कुटुंबालाही पन्नासांतून मोजक्याच मिळाल्या, आणि त्यासाठी चार दशके लागली. पण माडग्याळी मेंढीही कोणा एका योजनेने वाचलेली नाही. ती वाचली कारण ओळखणाऱ्या माणसांनी ती सांभाळली आणि विकत घेणाऱ्यांनी तिचे मोल केले. द्राक्षाला हे दोन्ही लागेल.

सुरुवात तुमच्या फोनपासून होऊ शकते. गावी गेलात तर आजी-आजोबांना विचारा, आपल्याकडे कधी द्राक्षाची वेल होती का, तिला काय म्हणायचे, तिच्या द्राक्षात बी होती का. वेल अजून असेल तर फोटो काढा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात दाखवा. छाटणीच्या वेळी चार काड्या जळणात टाकण्याऐवजी जपून ठेवा. तास-ए-गणेशची सुरुवात याहून मोठी नव्हती.